कलमाचं हत्यार

द्वारकामावशी कोणाच्याही हातात चाकू देत नसे. कोणी मागितला की तो जमिनीवर नाहीतर ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "उचल." हातातून हातात चाकू दिला की त्या दोघांत भांडण लागतं, असं तिचं ठाम मत होतं. एवढी खबरदारी घेऊनही निम्म्या गावाशी तिचं वाकडं होतं. मी एकदा हे तिला बोलून दाखवलं, तर म्हणाली, "ती बिनचाकूची भांडनं हायत पोरी. चाकूचं भांडन वायलं."

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आईच्या माहेरची शेजारीण. पोखर्णीच्या वाटेवर तिची छोटी रोपवाटिका होती. आंब्याच्या गावरान कोयीची रोपं वाढवून त्यांवर ती केशरची कलमं बांधायची, शिवाय सीताफळ आणि मोसंबीची. उंच, काटक बाई. अंगावर नऊवारी, पायात पुरुषी चपला, आणि आवाज असा की शेजारच्या शेतातला बैल थांबावा. कमरेच्या चंचीत पान-सुपारीबरोबर एक मिटणारा चाकू असायचा. लाकडी मूठ, बोटाएवढं पातं, नखानं उघडायचा. त्या चाकूनं ती कलमाची काडी एका ओढीत तासायची. शिकायला आलेल्या एखाद्या बाईनं दुसऱ्यांदा चाकू फिरवला की संपलंच. "दोनदा कापलं ते कलम न्हाई, जखम हाय," असं म्हणून ती काडी फेकून द्यायची.

गावातल्या बऱ्याच बायांना तिनं हे काम शिकवलं होतं. शिकवताना ती इतकं बोलायची की एखादी रडत घरी जायची. दुसऱ्या दिवशी मावशीच तिच्या दारात उभी राहायची. "रडून झालं आसंल तं चल," एवढीच तिची समजूत काढायची रीत. हंगामात या बाया एसटीनं पाथरी, सेलू भागातल्या रोपवाटिकांवर कामाला जात. प्रत्येकीच्या पिशवीत भाकरी, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि चाकू. सासरी विचारल्याशिवाय दारापर्यंत न जाणाऱ्या बाया मावशीच्या मागोमाग दुसऱ्या तालुक्यात जायला लागल्या, याचा तिला फार अभिमान होता आणि तो ती लपवत नसे. "या गावात नवऱ्याला न विचारता साडी घेनाऱ्या बाया मी तयार केल्या," असं ती सरपंचाला तोंडावर सांगायची.

आमच्या जिल्ह्यात सण आला, मोर्चा निघाला, कुठं काही कुरबूर झाली की शस्त्रबंदीचा हुकूम निघतो. पेपरात कोपऱ्यात छापून येतो आणि कोणी वाचत नाही. त्या वर्षी मात्र पोलीस खरोखरच पेटले होते. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापून ते व्हिडिओ फिरवणाऱ्या पोरांनी तालुक्यात उच्छाद मांडला होता, आणि ऑनलाइन मागवलेले चाकू-सुरे कुरिअरच्या खोक्यांतून सापडत होते. तपासणी व्हायलाच हवी होती. पण ज्या सकाळी स्टँडवर पिशव्या तपासायला सुरुवात झाली, त्या सकाळी केक कापणारी पोरं अर्थातच झोपलेली होती.

जमादारानं मावशीला विचारलं, "मावशी, संगं काय काय हाय?"

"भाकर हाय, पट्ट्या हायत, हत्यार हाय."

"हत्यार?"

"मग? हत्यार न्हाई तं कामाला कशी जाऊ?"

आमच्याकडे सुताराची पटाशी हत्यार, गवंड्याची थापी हत्यार, न्हाव्याचा वस्तराही हत्यारच. जमादाराच्या घरीही हेच बोलत असणार. पण त्या दिवशी त्याचे कान हुकुमाचे होते. त्यानं दाखवा म्हटलं. मावशीनं चंची सोडली, चाकू काढला आणि खाली फरशीवर ठेवला.

"खाली काय टाकता? हातात द्या."

"हातात न्हाई देत. उचला."

"मावशी, हातात द्या म्हनलं ना!"

"आन् मी उचला म्हनलं ना!"

भोवती गर्दी जमली. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. आता बाईपुढं वाकून चाकू उचलायचा तर जमादाराची शोभा, आणि सोडून द्यायचं तर त्याहून मोठी. मावशी तर हटायच्या वाणाचीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं आणि साठी उलटलेल्या बाईला ठाण्यात नेलं. तिथं लिहून घेणाऱ्यानं जमादाराला विचारलं, "साहेब, कलम कोणतं लावू?" त्याच्याआधी मावशीच बोलली, "केशर लावा. आपल्या मातीत चांगलं येतं." ठाण्यात सगळे हसले म्हणे. पण कलम लागायचं ते लागलंच.

चाकू जप्त झाला आणि मावशी नोटीस घेऊन माझ्याकडे आली. तालुक्याच्या कोर्टात, पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे. मी कागद वाचून तिला वकिलाचा नेहमीचा सल्ला दिला. म्हणाले, "मावशी, गुन्हा कबूल करून टाक. कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा होईल, थोडा दंड होईल, संध्याकाळी घरी. सगळे तसंच करतात."

तिचा मुलगा बरोबर होता. त्यालाही हेच हवं होतं. "आई, शहान्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाई म्हनतेत," तो म्हणाला.

"शहान्यानं चढू न्हाई. मी कुठं शहानी हाय?" मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिनं आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "पोरी, मी कबूल म्हनले तं उद्या मह्या समद्या बाया चोर ठरतेत. सुनीताचा सासरा कालपासून म्हनायलाय, पोलिसाची भानगड नको, घरी बस. ती बसली. आज आजून एक बसली. ह्या एकदा घरी बसल्या ना, तं पुन्ना न्हाई निघायच्या."

 मी वकीलपत्र पुढं केलं आणि तिनं ठसठशीत सही केली.

कायदा मी तिला समजेल असा सांगितला. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू असेल तर तो शस्त्रांत जातो. पण घरकामाची आणि शेतीची म्हणून बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तुझा चाकू एवढासा, त्याला परवाना लागत नाही. घेतलास तर गुन्हा नाही, बाळगलास तर नाही. मात्र बंदीचा हुकूम चालू असला की गोष्ट वेगळी. तेव्हा ज्यानं इजा होईल असं काहीही घेऊन फिरलं तर पोलीस अडवू शकतात, काठीसुद्धा. मग तू ते कशासाठी नेत होतीस यावर सगळं येऊन थांबतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी चाकू न्हाई बघायचा, मानूस बघायचा. मग माह्याकडं बघून कामून कळलं न्हाई त्याला?"

"तू हत्यार म्हणालीस ना! यापुढं अवजार म्हण."

"मही माय हत्यार म्हनायची. तिची माय हत्यार म्हनायची. हुकूम आत्ता निघाला, बोली कवाची हाय. मी न्हाई बदलायची."

हंगाम ऐन भरात होता आणि हातात चाकू नव्हता. म्हणून ती मला घेऊन बाजारात गेली. हार्डवेअरच्या दुकानदारानं आधी चाकूच नाहीत म्हणून सांगितलं. मागं काचेत चाकू टांगलेले दिसत होते. पोलिसांनी दुकानदारांना तंबी दिल्यापासून त्यानं धसका घेतला होता. मी वकील आहे, असा चाकू विकायला बंदी नाही, असं सांगितल्यावर तो जरा सैल झाला आणि म्हणाला, "बरं, आधार कार्ड द्या."

"चाकू घ्यायलाय का शिमकार्ड?" मावशी कडाडली.

घाबरून त्यानं हाताला जे लागलं ते समोर ठेवलं. तो निघाला खटक्याचा चाकू. बटण दाबलं की पातं सटकन बाहेर. मी घाईघाईनं तो मागं सारला. खटक्याचा चाकू पिशवीत सापडला असता तर कोर्टात कलम बांधायला नेते म्हणून कोणत्या तोंडानं सांगणार होते मी? मावशीनं मात्र तो दोनदा उघडमीट करून पाहिला. "काडी तासायची का मानूस घाबरवायचा ह्यानं? घे माघारी," ती म्हणाली. शेवटी तिच्या मनासारखा नखानं उघडायचा चाकू मिळाला. त्यानं दुकानदाराच्याच कॅलेंडरची कड सरकन कापून तिनं धार पाहिली आणि पैसे मोजले.

खटला रेंगाळला. आमच्याकडे खटले रेंगाळतातच. मावशी प्रत्येक तारखेला पहिल्या गाडीनं यायची आणि पुकारा होईपर्यंत शेडमधल्या पक्षकारांना नको ते सल्ले द्यायची. बांधाच्या भांडणात आलेल्या दोन भावांना तिनं एकदा इतकं झापलं की त्यांचे दोन्ही वकील माझ्याकडे तक्रार घेऊन आले. न्यायाधीशांनी गुन्हा कबूल आहे का विचारलं तेव्हा ती "न्हाई" म्हणाली, आणि ते एवढ्या जोरात की बाहेरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं.

जमादाराच्या साक्षीचा दिवस आला. तो वाईट माणूस नव्हता. जे घडलं ते त्यानं सरळ सांगितलं: आरोपीनं स्वतःच आपल्याजवळ हत्यार असल्याचं कबूल केलं. मी उलटतपासणीला उठले.

"जमादार, तुमच्या घरी शेती आहे?"

"हाय."

"बैलगाडीचं चाक मोडलं तर कोणाला बोलावत होतात?"

"सुताराला."

"सुतार येताना काय घेऊन यायचा?"

"हत्यारं," जमादार म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याचं त्यालाच कळलं. कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मावशी तेवढी हसली नाही. ती जमादाराकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर चक्क कीव होती.

ती निर्दोष सुटली. चाकू शेतीकामाचा होता आणि तो दुसऱ्या कशासाठी नेल्याचा पुरावा नाही, असं निकालात आलं. मी पेढे आणायला माणूस पाठवला. मावशी शेडमधल्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मंग आता बायांनी नेला तं चालंल ना?"

मला खोटं सांगवेना. "मावशी, निकाल तुझ्यापुरता आहे. दुसरीला अडवलं तर तिला पुन्हा हेच सगळं करावं लागेल."

पेढे आले तेव्हा तिनं एक हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. एवढे हेलपाटे घालून, पोराशी भांडून ती जिंकली होती, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्या घरीच बसून होत्या. मला फार वाईट वाटलं. ती मात्र फार वेळ बसली नाही. "मंग दुसरं कायतरी करावं लागंल," असं म्हणून गाडी गाठायला निघून गेली.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. चार दिवसांचा ताप काय तो झाला. दहाव्याला बायांची एवढी गर्दी होती की पुरुष मंडळी मागं उभी राहिली. लोक तिच्या भांडणांच्या गोष्टी सांगत होते. मला राहून राहून निकालानंतरच्या हंगामातली ती सकाळ आठवत होती.

आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. "वकीलबाई, उद्या स्टँडवर ये. काळा कोट घालून ये. बोलू नको, निसती हुबी राह्य."

मी गेले. पोळा तोंडावर होता, हुकूम पुन्हा निघालेला होता आणि स्टँडवर तपासणी चालू होती. तोच जमादार. मावशी सगळ्यात पुढं आणि तिच्यामागं रांगेनं तिच्या बाया. सुनीताला तिनं घरी जाऊन, सासऱ्याशी भांडून आणलं होतं. ती पिशवी छातीशी धरून सगळ्यात शेवटी उभी होती.

मावशीनं आपली पिशवी आपणच उघडली. "हत्यार हाय. कलमाचं. बघा."

जमादारानं तिला ओळखलं, मला पाहिलं आणि ओशाळून हसला. "जाऊ द्या मावशी, बसा गाडीत. तुमाला कोन अडवतंय?"

"जाऊ द्या न्हाई," मावशी म्हणाली. "मला सोडायचं म्हनून सोडू नका. बघा, आन् चालतंय का न्हाई ते सांगा. न्हाई चालत तं न्हाई म्हना, ह्या वकीलबाई हुब्याच हायत."

जमादारानं इकडं तिकडं पाहिलं. मग तो वाकला, पिशवीत पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय."

"आता हिची बघा."

त्यानं दुसरीची पिशवी पाहिली. "चालतंय." तिसरीची पाहिली. गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता, आणि जमादार एकेका पिशवीपुढं वाकून चालतंय, चालतंय म्हणत रांगेच्या टोकाला आला. सुनीताचा चाकू कोरा होता, दुकानाच्या कागदात गुंडाळलेला. कागदावरच्या दोऱ्याची गाठ तिला लवकर सुटेना. जमादारानं थांबून वाट पाहिली. शेवटी पातं दिसलं. त्यानं मान हलवली आणि हळू आवाजात काहीतरी म्हटलं.

"तिला ऐकू न्हाई आलं," पुढून मावशी ओरडली.

"चालतंय, बाई!" जमादार मोठ्यानं म्हणाला. "बिनघोर न्या!"

मगच मावशी गाडीत चढली.