सड्यावरचं बिऱ्हाड

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी नवऱ्यामागून सड्यावर राहायला गेले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं उघडं पठार. तिथं बॉक्साइटची खाण नुकतीच सुरू झाली होती आणि नवरा सुरुंगाची भोकं पाडायच्या मशिनवर होता. पत्र्याच्या खोल्यांत सगळे गडीच. मुकादम म्हणाला, "वहिनी, हितं बाईमाणूस टिकत न्हाय." मी चूल मांडली. धुणं वाळत घातलं, ते दुपारपर्यंत खाणीच्या धुळीनं लाल झालं.

पुढच्या वर्षी दुसरी बाई आली, एका गड्याची बायको. सीमेपलीकडची, माझ्याहून लहान, दिवस गेलेली. मला अक्का म्हणायची. सुरुंगाआधी शिट्टी व्हायची, तेव्हा ती दोन्ही हात पोटावर धरायची. "त्याला ऐकू जातंय, अक्का."

आषाढात धुकं इतकं दाटलं की खाण बंद, रस्ता बंद. त्यातच तिला कळा सुरू झाल्या. मी तोवर एकही बाळंतपण बघितलं नव्हतं. आईकडून ऐकलेलं आठवत गेलं तसं करत गेले. मुलगा झाला. रडला नाही. मी त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. ती विचारत राहिली, "का रडंना, अक्का?"

कातळाच्या कडेला जांभळाच्या झाडाखाली तेवढी माती होती. तिथं त्याला पुरलं. रस्ता उघडल्यावर ती माहेरी गेली, ती परत आली नाही. जाताना म्हणाली, "तू हाईस न्हवं हितं. लक्ष ठेव."

मी रोज जायची. शिट्टी झाली की आता माझे हात पोटावर जायचे. मला दिवस गेलेले नसतानाही.

मग खाण जांभळाकडं सरकली. मी मुकादमाला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढली. "तेवढं सोडतो, वहिनी." त्यानं शब्द पाळला, पण पुढं तो गेला आणि दुसरा आला. आम्ही सणाला गडमुडशिंगीला, सासरी गेलो होतो. परत आलो तर झाड नव्हतं, आणि खालची जमीनही नव्हती. सगळी ट्रकनं गेली होती. खड्ड्यात उतरून मी वर बघितलं. तो पुरला होता तिथं आता नुसती हवा होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर.

खाण बंद झाली, आम्ही गावी आलो. गेल्या वर्षी मुरगूडच्या बाजारात कुणीतरी मागून "अक्का" म्हणालं. केस पिकले होते, आवाज तोच. आम्ही चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर बसलो. मी सांगायला तोंड उघडलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "खाण बंद झाल्यावर गेलते मी बघायला." मग तिनंच विचारलं, "ती माती कुठं नेली?"

"कारखान्यात. तिचं अल्युमिनियम करत्यात. भांड्याचं जर्मन."

चहावाल्यानं जर्मनची किटली आमच्यापुढं ठेवली होती. तिनं तिच्यावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"मावशी, भाजंल की," तो म्हणाला.

"न्हाय भाजत," ती म्हणाली.