पक्का हिरवा

"मास्तर, रंग सुटला होता का?"

करीमचाचांनी मला पुन्हा तेच विचारलं. मंगरूळपीरला त्यांच्या अंगणात रंगाची देग थंड पडली होती. त्यांचा मुलगा लतीफ लढाईत मारला गेल्याची खबर आधीच येऊन पोचली होती. मी त्याच्याच युनिटमधून सुटून आलो होतो, म्हणून उत्तर माझ्याकडे मागत होते.

आमचं काम कॅमफ्लाजचं. म्हणजे लॉऱ्या, दारूगोळा असा झाकायचा की विमानातून नुसती जमीन दिसावी. दोरीच्या जाळ्यात रंगवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या ओवायच्या. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर, म्हणून आराखडे माझ्याकडे. लतीफ रंगरेजाचा मुलगा, म्हणून पट्ट्या त्याच्याकडे. पलटणीत माणसाला त्याला येतं तेच काम मिळावं, असा चमत्कार आमच्या बाबतीत झाला खरा.

समुद्रकाठच्या ट्रेनिंगमध्ये कॅप्टनने काचेच्या टाकीत माकूळ नावाचा प्राणी दाखवला. पंसाऱ्याकडे समुद्रफेन मिळतो ना, तो म्हणजे याच्याच पाठीतलं हाड. टाकीत वाळू होती, तर याची पाठ वाळूसारखी, बारीक ठिपक्यांची. कॅप्टनने त्याच्याखाली मोठे खडे सरकवले. माकुळाने डोळ्यांनी ते पाहिले आणि बघता बघता पाठीवर मोठा पांढरा डाग उमटला. त्याच्या कातडीत रंगाच्या इवल्याशा पिशव्या असतात. तळ जसा दिसेल तशा त्या तो उघडतो, मिटतो.

"हा तुमचा उस्ताद," कॅप्टन म्हणाला. "आधी जमीन बघा. जमीन बदलली की रंग बदला."

लतीफ माझ्या कानाशी लागला. "मास्तर, याचा रंग तं लय कच्चा हाय! आमच्या अब्बानं याले दुकानात उभं नसतं केलं."

मी तेव्हा खूप हसलो होतो.

सरकारी रंग पहिल्याच सरीत धुऊन गेला. मग लतीफने घरची रीत काढली. पट्ट्या हिरड्याच्या पाण्यात भिजवल्या, फिटकरी म्हणजे तुरटी लावली, मग रंगात उकळल्या. फिटकरीने रंग धाग्याला धरून बसतो. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर अख्खा पावसाळा त्याचा हिरवा जसाच्या तसा राहिला. कॅप्टनने पाठ थोपटली. लतीफ आठवडाभर छाती काढून फिरत होता.

पाऊस गेला. गवत पिवळं पडलं, जाळं मात्र हिरवंगार. ऑर्डर आली, पट्ट्या मातकट करा. लतीफने त्या उकळल्या, दगडावर आपटल्या. हिरवा हटेना, त्यावर दुसरा रंग चढेना. चिखल फासला, तो वाळून गळाला. नवं गोणपाट मागवलं होतं, ते अजून वाटेतच होतं. मी ते आणायलाच मागच्या डेपोत गेलो होतो, आणि त्या दुपारी जपानी विमान आलं. पिवळ्या माळावर तेवढाच एक हिरवा तुकडा होता. लतीफ त्याच्याखाली होता.

"लोक म्हणून राह्यले, रंग सुटला म्हणून जाळं दिसलं," चाचा म्हणाले. "माह्या हाताखाली शिकला तो. मास्तर, त्यानं काम कच्चं केलं का? सांगा मले. मी आइकतो."

मला रडू येत होतं. रंग थोडा कच्चा असता, तर आज लतीफच या देगीजवळ बसला असता. हे त्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"नाही चाचा. एका पट्टीचाही रंग सुटला नव्हता. शेवटपर्यंत पक्का होता."

चाचांनी डोळे पुसले. "मंग ठीक हाय. पोट्ट्यानं नाव राखलं." ते उठले आणि देगीखाली लाकडं सारू लागले.

खरं बोलून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मी पुन्हा शाळेत ड्रॉइंग शिकवतो. रंग पक्का कसा करायचा असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, कशावर लावायचा आहे आणि किती दिवस ठेवायचा आहे.