काचेवरचा बल्लाळेश्वर

केसरला घाणीचा तिटकारा नव्हता. उरणच्या आसपासच्या गावांतली पोरं ती व्हॅननं शाळेत पोचवायची. कुणी सीटवर उलटी केली तर नाक न मुरडता धुवायची. तिचं डोकं फिरायचं ते झाकलेल्या घाणीनं. आणि नशीब बघा, नवरा मिळाला निकेत! भिंतीला ओल आली, लाव कॅलेंडर. नळ गळतोय, गुंडाळ चिंधी. ह्या बाबाचा सगळा जन्म झाकपाक करण्यात गेलेला.

दिवाळीत न्हावा शेव्याच्या रस्त्यावर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि व्हॅनच्या समोरच्या काचेचा टवका उडाला. मुगाच्या डाळीएवढा, डाव्या बाजूला, पुढे बसणाऱ्या पोराच्या तोंडासमोर. केसर म्हणाली, उद्याच काचवाल्या यूनुसभाईंकडे जाऊ. "एवढ्याशासाठी?" म्हणत निकेतनं त्यात टूथपेस्ट कोंबली. ती वाळून गळली, तेव्हा केसरचंच नेलपॉलिश ओतलं. काय म्हणावं ह्या माणसाला!

शेवटी केसर एकटीच गेली. यूनुसभाईंनी काचेवर नख फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. "भाभी, तेव्हाच गाडी आणली असती तर औषध भरून टवका जागच्या जागी थांबवला असता. आता आत घाण बसली, माझं औषध धरणार नाय. काचच बदला."

"त्याला धंदा करायचाय," निकेत म्हणाला. गाडीचे व्यवहार त्याच्याच हातात. दुसऱ्या दिवशी तो पालीहून बल्लाळेश्वराचं स्टिकर घेऊन आला आणि बरोब्बर टवक्यावर चिकटवलं. "आता देव बघून घेईल."

केसरला किळस आली. देवाची नव्हे हो. स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केल्याशिवाय ती गाडी सुरू करत नसे. पण टूथपेस्टवर नेलपॉलिश आणि त्यावर गणपती? देवाला बसवायला हीच जागा सापडली? तरी देव उपटायचा कसा, म्हणून ती गप्प बसली. महिनाभरात स्टिकरखालून केसाएवढी रेघ बाहेर डोकावली आणि हळूहळू लांबत चालली. प्रत्येक गतिरोधकाला केसरच्या काळजात धस्स व्हायचं. पुढे बसायची शेजारच्या आळीतली साक्षी, सात वर्षांची, अखंड बडबडणारी. तिच्याकडे बघून केसरला स्वतःचीही शिसारी यायची.

मग जूनमध्ये केसरच्या लेकीचा, राहीचा, शाळेचा पहिला दिवस उजाडला. पोरगी धावत जाऊन पुढच्या सीटवर चढली. पोचवायला आलेल्या निकेतनं तिला उचलून खाली घेतलं.

"मागं बस, बाय. पुढं नको."

"का रं?" केसरनं विचारलं.

"अगं, ती काच... काय भरवसा हाय तिचा?"

"आन् साक्षी?"

"ती काय, रोजच बसते की!"

म्हणजे ह्याला सगळं कळत होतं! देव लोकांच्या पोरांसाठी, आणि आपल्या पोरीसाठी मागची सीट. केसर खाली उतरली, नखानं स्टिकर सोलून काढलं. खाली पिवळट पोपडे होते, त्यात मेलेल्या मुंग्या.

"हे धर," तिनं स्टिकर निकेतच्या हातात दिलं. "देवाला घरी ने. मी चालले यूनुसभाईंकडे, काच बदलल्याबिगर पोरं बसणार न्हाईत."

मग तिनं साक्षीच्या आईला फोन लावला. "आज व्हॅन येणार न्हाय, ताई. काच तडकलीय."

"अगंबाई! कधी तडकली?"

केसरनं काचेवरच्या रेघेकडे बघितलं.

"दिवाळीत," ती म्हणाली.