माझ्या हातची फवारणी

एका रविवारी आमच्या आळीतल्या पाच घरांची आमटी मी खड्डा खणून पुरली.

ही पौडमधली गोष्ट, आळीत टीव्ही यायच्या आधीची. मी तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचो आणि आमच्या फाटकाशी एक कढीलिंब होता. झाड माझं, पानं आळीची! तेल तापलं की धावत यायचं, ओरबाडायचं आणि धावत जायचं, अशी वहिवाट होती. विचारायची पद्धत नव्हती. (विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.) शेवटी वैतागून मी पाटी लावली: ‘विषारी औषध फवारले आहे. पाने तोडू नयेत.’ फवारलं काहीच नव्हतं. महिनाभरात शेजारच्या पारूकाकूंनी त्या पाटीच्या खिळ्याला कपडे वाळवायची दोरी बांधली.

तिसऱ्या वर्षी पानांवर खरोखरच बुरशीचे डाग पडले. समोर राहणाऱ्या हुसेनभाईंचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्यांनी पूड दिली आणि वापरायला पंपही दिला.

“मास्तर, पंपाला एकच चमचा. तोंडाला फडकं बांधा, वारं पाठीवर घ्या. पंधरा दिस पान कुणाच्या पोटात जाया नको. आन् आळीला आदी सांगा!”

“हुसेनभाई, मी शास्त्र शिकवतो.”

त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं.

रविवारी मी रेनकोट, गमबूट, गॉगल आणि तोंडाला टॉवेल अशा थाटात उतरलो. चमचा सापडेना, म्हणून दाढीची वाटी घेतली. झाड मोठं, रोग जुना. वाटी शिगोशीग भरली! वारं पाठीवर घेतलं तर ते फिरलं. मी फिरलो, तर ते पुन्हा फिरलं. अर्धं औषध झाडाला मिळालं, अर्धं मला. मग मी मागच्या मोरीत साबण लावून लावून आंघोळ केली.

पंचा गुंडाळून बाहेर आलो आणि समोरून आवाज आला: चर्र! मग शेजारून चर्र! पाच घरांतून पाच फोडण्या!

आळीला सांगायचंच राहिलं होतं. पारूकाकूंची नातवंडं ताटं वाजवत बसली होती. मी पंचा धरून तसाच धावलो.

“काकू, आमटी वाढू नका! झाडावर विषारी औषध आहे!”

“ते तीन वर्सं हाय की. तुमची पाटी वाचून आमचा नातू अक्षरं शिकला.”

“या वेळी खरं आहे हो!”

“म्हंजी आदी खोटं व्हतं व्हय?”

हुसेनभाई दुकानात होते; आरडाओरडा ऐकून त्यांच्या घरच्या हसीनाभाभी पळी घेऊन आल्या. पाठोपाठ बाकीच्या घरांतल्याही बायका जमल्या.

“मास्तर, चार पानांपायी एवढा जीव टाकू नये. पंचा सांबाळा आदी.”

“आईशप्पथ सांगतो, भाभी!”

“शास्त्राच्या मास्तरानं शपथा घ्याव्या व्हय?”

आत काकूंची सून भात वाढत होती. मला रडू यायचंच बाकी राहिलं. एवढ्यात आमची सुमन फाटकात आली. “अहो, दाढीच्या वाटीला हे काय चिकटलंय?”

“औषध मोजलं.”

“वाटीनं? पुडीवर चमचा लिहिलाय!”

सगळ्या बायका वाटीवर वाकल्या.

“म्हंजी…” हसीनाभाभींचा आवाज खाली आला, “औषध मास्तरांनी सोता कालवलं?”

“स्वतः,” सुमन म्हणाली.

“या अल्ला! ह्यांनी आमचा रेडू दुरुस्त केला, तवापासनं निस्त्या शिट्ट्या मारतोय!”

“आन् माजा ष्टो!” असं ओरडत पारूकाकू चुलीकडे पळाल्याही होत्या.

दोन मिनिटांत पाच पातेली माझ्या पुढ्यात आली. विषावर कुणाचा विश्वास नव्हता. माझ्या हातावर मात्र पक्का होता! पंचा सावरत मी परसात खड्डा खणला, आमटी पुरली आणि पातेली राखेनं तीन-तीनदा घासली. कुणी घासभरही खाल्लं नव्हतं. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

मग सुमननं अख्ख्या आळीसाठी पिठलं टाकलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. मी दारातूनच म्हणालो, “मी काही मदत करू का? निदान मीठ तरी घालतो.”

पाचही घरं एका दमात ओरडली, “मास्तर, तुमी फकस्त बसा!”