बिबड्याच्या पिठानं चिकटलेली कादंबरी

सकाळपासून सिंधूअक्काच्या फोटोखाली नुसते हात जोडताय सगळे. आरआयपी, आरआयपी. ही बाई कोण होती, ते एकानंही विचारलं नाही.

एकानं तर लिहिलं, "आजी साध्या गृहिणी होत्या."

साध्या? तुझं डोकं साधं.

नमस्कार. आता बसा आणि वाचा.

सिंधूअक्का माझी शेजारीण. आज पहाटे गेली. नव्वदी कधीच ओलांडली होती. दात नव्हते, जीभ होती.

नरडाण्याहून लग्न होऊन ती आमच्या गावात आली, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. चौथी पास. गल्लीत वाचता येणारी बाई ती एकटीच. मी दुसरीत शाळा सोडलेली पोर.

गावात वाचनालय होतं. मारुतीशेजारी एक खोली, एक कपाट. संध्याकाळी एकजण पेपर मोठ्यानं वाचणार, बाकीचे बिड्या ओढत ऐकणार.

बायांनी पायरी चढायची नाही. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. चढायची नाही, एवढंच.

म्हणून अक्काचा नवरा आपल्या नावावर पुस्तक घरी आणायचा. आणि उन्हाळ्यात बिबडे करताना अक्का ते आम्हाला वाचून दाखवायची.

शहरातल्यांसाठी सांगते, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. शिजलेलं गरम पीठ ओल्या हातानं कापडावर थापायचं. गल्लीतल्या सगळ्या बाया एका धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर. अक्कानं पिठाला हात लावायचा नाही. तिच्या वाटचे बिबडे आम्ही थापायचो.

स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यात एक कादंबरी आली. घर सोडून निघून गेलेल्या सुनेची. थोडीच पानं राहिली होती, तेवढ्यात एक चित्र आलं.

अक्काची सासू म्हणाली, "पाहू दे व माले. कशी दिसस ती?"

पिठाच्या हातानं पुस्तक ओढलं. अजून चित्रं आहेत का म्हणून पुढची पानं उलटली. आणि मिटून ठेवलं.

ज्वारीचं पीठ वाळलं की खळीसारखं धरतं. शेवटची सगळी पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेलो तर फाटायला लागली.

पुस्तक तसंच परत गेलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन वाचनालयाचे आबा दारात. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

"हाऊ हात कोना शे?"

सासू चुलीत बघायला लागली.

अक्का म्हणाली, "मना." म्हणजे माझा.

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "आता पुस्तक घरी मिळणार नाही. ज्याला वाचायचंय त्यानं तिथं येऊन वाचावं."

तिथं. म्हणजे पायरी चढून.

संपलं.

पुढच्या उन्हाळ्यात बिबडे झाले, पण धाब्यावर पुस्तक नव्हतं. शेवटी सासूनंच विचारलं, "सिंधू, ती घर उनी का व?" शहरातल्यांनो, उनी म्हणजे आली.

"उनी," अक्का म्हणाली. आणि थापता थापता उरलेली गोष्ट सांगितली. मनानं. आता तिचेही हात पिठात होते.

नंतर बायांना वाचनालयात बसायची मोकळीक मिळाली. मी तिला बोलवायला गेले.

"काय करू जाईसन? ती पानं चिकटेलच शेतस."

गेली नाही. मरेपर्यंत पुस्तक हातात घेतलं नाही.

गोष्ट मात्र सांगत राहिली. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिला सांगितलं, सून घरी आली आणि सासूनंच दार उघडलं.

माझा नवरा गेला तेव्हा मला सांगितलं, ती आलीच नाही. चाळीसगाव स्टेशनबाहेर खानावळ टाकली, आणि कोणाच्या बापाला घाबरली नाही.

मी म्हटलं, "अक्का, खरं काय ते सांग."

"तू आधी जेव," म्हणाली.

जा अक्का. शेवटचा नमस्कार तुला.

आणि तुम्ही, हात जोडणं बंद करा. ती कादंबरी कोणी कुठे वाचली असेल तर गप्प बसायचं, मला छापलेला शेवट नको. अक्कानं ज्या लेकीसुनांना गोष्ट सांगितली त्यांनीच खाली लिहायचं, तुम्हाला काय सांगितलं ते.

पहिलं उत्तर तिच्या सुनेनं द्यायचं.