कलाचे न थांबणारे हात

डॉक्टरांनी छातीवरची नळी बराच वेळ उचललीच नाही. मग म्हणाले, "पोलीस भरती विसरा. हा ऱ्हुमॅटिक फीवर आहे."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. तीर्थपुरीत रोज पहाटे धावण्याचा सराव करत होतो. आधी घसा दुखला, तो अंगावर काढला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरेपर्यंत घोटा, मग मनगट. घसा बिघडल्यावर पुढे सांधे आणि हृदयाची झडप सुजवणारा हा ताप, एवढं डॉक्टरांनी समजावलं. माझ्या झडपेपर्यंत तो पोचला होता. इलाज म्हणजे पेनिसिलीन, अॅस्पिरिन आणि विश्रांती. "खाटेवरून उठायचं नाही. सांगेपर्यंत."

जालन्याच्या त्या दवाखान्यात मी महिनाभर छताकडे बघत पडलो. अॅस्पिरिननं कानात सतत शिट्टी वाजायची. दर आठवड्याला ईएसआर, म्हणजे अंगातली सूज किती उरली ते सांगणारी रक्ताची तपासणी. आकडा उतरला नाही की मी आईवर ओरडायचो. बरा झालो तरी करणार काय, हे कुणी सांगत नव्हतं. वर्दीशिवाय दुसरा विचारच मी कधी केला नव्हता.

पाचव्या आठवड्यात शेजारच्या खोलीपर्यंत चालायची परवानगी मिळाली. तिथं लहान मुलं होती. सिस्टर म्हणाल्या, "दिवसभर नुसती चुळबुळ करतोस. त्या पोरांना काही शिकव तरी."

पहिल्याच दिवशी घोळ केला. मंठ्याकडची कला नावाची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिनं पाण्याचा पेला माझ्या अंगावर सांडला, परत भरून दिला तर परत सांडला. "नीट धर की!" मी खेकसलो. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांवर बसून राहिली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "तिला कोरिया आहे. हात-पाय आपोआप हलतात, तिच्या ताब्यात नाहीत. आजार तुमचाच. तुमच्या हृदयावर गेला, तिच्या मेंदूवर. कुणी रोखून बघितलं की जास्त हलतात."

त्या रात्री झोप आली नाही. माझी झडप बाहेरून दिसत नव्हती म्हणून मला कुणी मारलं नव्हतं. तिच्या गुरुजींनी मात्र पाटी पाडते म्हणून तिला मारलं होतं, हे सिस्टरनी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून परात आणि चाळलेली राख आणली. पेन्सिल नकोच. "बोटानं काढ. म्या तिकडं तोंड करून बसतो," म्हणालो. मी पाठ फिरवली की तिचं अक्षर ओळखू यायचं. पहिला 'क' काढायला तिला अख्खी दुपार लागली. मग बाकीची पोरंही परातीभोवती गोळा झाली, आणि औषधाची वेळ झाल्याचं सिस्टरना येऊन सांगावं लागलं.

सुट्टी मिळाल्यावर, ताप परत उलटू नये म्हणून, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनच्या सुईसाठी जालन्याला जायचं होतं. सुई पाच मिनिटांची, पण मी पोरांसोबत दुपारच्या एसटीपर्यंत थांबायचो. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे मिळत नव्हते.

चार-पाच महिन्यांत कलाचे हात बरेच थांबले, पुरते नाहीत; ती घरी गेली आणि माझ्यासारखीच सुईला येऊ लागली. एकदा तिचे वडील दवाखान्यात भेटले. म्हणाले, "पोरीला साळंतून काढून टाकलं. गुरुजी म्हणले, मुद्दाम करती."

"म्या येतो," मी म्हणालो. "आत्ताच चला."

त्यांच्या गावच्या शाळेत उभा राहून मी गुरुजींना डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. गुरुजींनी कलाच्या हातांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"मला ठाऊक न्हवतं," ते हळूच म्हणाले. मग तिला म्हणाले, "बस पुढं."

मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणत्या साळंवर आहात?"

"अजून कुठंच न्हाई," मी म्हणालो. त्याच आठवड्यात मी डी.एड.चा अर्ज भरला.

झडप पुरती बरी झाली नाही, छातीला नळी लावली की तिचा आवाज अजून येतो. घसा दुखला तर अंगावर काढू नका, आणि सुई एकही चुकवू नका. खाटेवर पडून जीव कासावीस होईल, माझाही झाला. तेव्हा शेजारच्या खोलीत डोकावून बघा. आज मी शाळेत शिकवतो, ती वाट मला तिथंच सापडली, आणि त्यासाठी मी त्या सिस्टरचा आणि कलाचा ऋणी आहे.