डोंगरावरचा वधूपिता

लग्नपत्रिकेवर वधूपित्याचं नाव होतं, पण वऱ्हाडी माणूस पत्रिकेत जेवणाची वेळ तेवढी वाचतो. मध्यभारत नावाचं राज्य होतं त्या दिवसांतला वैशाख. आम्ही इंदूरहून बसने सिमरोलला उतरलो, तर स्वागताला नुसत्या बायका. त्या उन्हाळ्यात डोंगराला सारखी आग लागायची आणि गावातले सगळे पुरुष ती विझवायला धावायचे. वधूपिताही तिकडेच होता. रुसण्यात मी पटाईत, म्हणून जाब विचारायला मलाच वर पाठवलं.

हळदीचे डाग पडलेलं धोतर खोचून तो पळसाच्या ओल्या फांदीने ज्वाळा झोडपत होता.

"अहो, मुहूर्त टळेल!" मी म्हटलं.

"रुसायचं असेल तर नीचे जाऊन रुसा, भिया. नाही तर ती फांदी उचला."

उचलली. पहिल्याच फटक्यात माझं जरीचं उपरणं पेटलं. ते त्याने झोडपून विझवलं, माझ्यासकट.

काजळलेल्या हातांनीच त्याने कन्यादान केलं. पाठवणीला पुन्हा धूर दिसला. वधूपित्याने फांदी उचलली, लेकीकडे पाहून परत खाली ठेवली. तीच म्हणाली, "जा ना बाबा. मी काय दूर चाललेय, इंदूरलाच तर!"

बस वळणावर आली तेव्हा डोंगरावर कुणीतरी फांदी डोक्यावर उंच हलवत होतं. आता मी आगीतला जाणकार. ओरडलो, "आग भडकली! मदत मागतोय तो!"

सगळे घाबरून उठले. नवरी तेवढी बसून होती. हिरव्या चुड्याचा हात खिडकीबाहेर काढून ती डोंगर आड होईपर्यंत हलवत राहिली.